एक कोटी एक, एक कोटी दोन, एक कोटी तीन : प्रमाण विचलनाच्या बटणामागची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

इयरफोन लावलेत? आज थोडं गणित आहे, पण पळून जाऊ नका. वही-पेन लागणार नाही. आजची गोष्ट एका बटणाची आहे. हे बटण तुमच्या कॅल्क्युलेटरवर आहे, एक्सेलमध्ये आहे, पायथनमध्ये आहे. ते दाबलं की उत्तर येतं, आणि आपण ते उत्तर खरं मानून पुढे जातो. मीही तसंच केलं होतं, आणि एकदा त्यापायी चक्क खोटं बोललो होतो. तिथूनच सुरुवात करतो.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. विषय साधा होता: कॉलेजची बस रोज किती मिनिटं उशिरा येते. आठ दिवसांचे आकडे असे : २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. सरासरी काढली, बरोबर ५ मिनिटं. पण सरासरी अर्धीच गोष्ट सांगते. रोज नेमकी ५ मिनिटं उशिरा येणारी बस आणि कधी २ तर कधी ९ मिनिटं उशिरा येणारी बस, दोघींची सरासरी एकच असू शकते. वैताग मात्र वेगळा असतो. हा वैताग आकड्यात मोजायचा, तर आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते बघायचं. त्यालाच प्रमाण विचलन म्हणतात, इंग्रजीत स्टँडर्ड डेव्हिएशन.

कृती सोपी आहे. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करायची, आलेल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज करायची. माझ्या बसच्या बाबतीत ती ३२ येते. तिला आकड्यांच्या संख्येने, म्हणजे आठने भागलं की ४. त्याचं वर्गमूळ २. झालं, प्रमाण विचलन २ मिनिटं.

मी हे पायथनच्या नमपाय लायब्ररीत केलं. उत्तर आलं २. मग तक्ता सुबक दिसावा म्हणून तेच आकडे एक्सेलमध्ये टाकले आणि एसटीडीईव्ही हे फंक्शन वापरलं. उत्तर आलं २.१४. मी दोन्ही उत्तरं रिपोर्टच्या दोन वेगळ्या पानांवर तशीच ठेवली. गाइड मॅडमनी ती दोन पानं शेजारी-शेजारी धरली आणि विचारलं, "अरे, हे दोन का आहेत?"

मी म्हणालो, "मॅडम, राउंडिंगमुळे असेल."

मला कारण माहीत नव्हतं. राउंडिंगने २ चे २.१४ होत नाहीत, एवढं तरी मला कळायला हवं होतं. मॅडम नुसत्या "हं, बघ जरा" म्हणाल्या. मी बघितलं नाही. रात्री एका पानावरचा आकडा खोडला आणि दुसऱ्यासारखा करून टाकला. मार्क मिळाले. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधायला पुढे काही वर्षं गेली, आणि ते शोधताना जो इतिहास सापडला तो आज सांगतोय.

नाव कुठून आलं?

पसारा मोजण्याची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांच्या जागा मोजत, आणि एकाच ताऱ्याची दहा वेळा मोजणी केली तर दहा वेगळे आकडे येत. त्या चुकांचा अंदाज बांधायला त्यांच्याकडे 'संभाव्य त्रुटी' नावाचं माप होतं: निम्म्या चुका ज्या अंतराच्या आत पडतात ते अंतर. जर्मन गणिती गाउस आणि बेसेल यांनी या विषयात मोठं काम केलं.

'स्टँडर्ड डेव्हिएशन' हे नाव दिलं लंडनच्या कार्ल पिअरसनने, आधी १८९३ मध्ये व्याख्यानांत आणि मग १८९४ मध्ये छापील लेखात. त्यासाठी सिग्मा हे ग्रीक अक्षरही त्यानेच वापरात आणलं. पिअरसन युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये प्राध्यापक होता. त्याला ताऱ्यांपेक्षा माणसं, प्राणी, खेकड्यांची कवचं यांच्यातल्या फरकात रस होता. एक गोष्ट लपवून चालणार नाही: या कामामागे वंशसुधारणेचा, युजेनिक्सचा विचार होता. पुढे १९११ मध्ये पिअरसन युजेनिक्सचा प्राध्यापकही झाला. आपण वापरतो ती हत्यारं कुठल्या कारखान्यात घडली हे ठाऊक असलेलं बरं.

पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. पिअरसनकडे आकडे भरपूर असत, शेकड्यांनी, हजारांनी. एवढे आकडे असले की बेरजेला १००० ने भागा नाहीतर ९९९ ने, उत्तरात नजरेत भरेल असा फरक पडत नाही. फरक पडायचा तो एका बिअरच्या कारखान्यात.

बिअरवाला आणि 'वजा एक'

डब्लिनमधल्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट नावाचा तरुण काम करायचा. जव, हॉप्स, किण्वन यांचे प्रयोग त्याच्याकडे. असा प्रयोग हजार वेळा करता येत नाही. शेताचे चार तुकडे, फार तर दहा. १९०६ ते १९०७ या काळात कंपनीने त्याला पिअरसनच्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवलं. गॉसेटचा प्रश्न होता, "माझ्याकडे फक्त चारच आकडे असतील तर मी सरासरीवर किती विश्वास ठेवू?"

त्याने काय केलं ऐका. त्या काळी ३००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी मोजलेली एक यादी उपलब्ध होती. गॉसेटने त्यातला एकेक माणूस पुठ्ठ्याच्या एकेका तुकड्यावर लिहिला, तुकडे पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. मग प्रत्येक गटाची सरासरी आणि प्रमाण विचलन हाताने काढलं. आज आपण ज्याला सिम्युलेशन म्हणतो आणि लॅपटॉपवर एका सेकंदात उरकतो, ते त्याने पुठ्ठ्यावर केलं. १९०८ मध्ये त्याचा लेख 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला गेला. आज जगभर शिकवली जाणारी स्टुडंटची टी-चाचणी तिथून निघाली.

आता माझ्या २ आणि २.१४ कडे या. लहान नमुन्यात एक गोची असते. आठ दिवसांचा पसारा आपण आठच दिवसांच्या सरासरीपासून मोजतो. ही सरासरी त्याच आकड्यांतून आलेली असते, त्यामुळे ती त्या आकड्यांच्या सोयीची असते. वर्गांची बेरीज कमीत कमी येईल असा बिंदू म्हणजेच ती सरासरी. बसची 'खरी', वर्षभराची सरासरी थोडी वेगळी असेल, आणि तिच्यापासून मोजलं तर पसारा जास्त येईल. म्हणजे आपलं माप कायम थोडं कमी भरतं.

दुसऱ्या बाजूनेही बघता येतं. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्य येते. सात दिवसांचे फरक कळले की आठवा आपोआप ठरतो. म्हणजे हातात आठ फरक दिसतात, पण नवी माहिती सातातच आहे. म्हणून ३२ ला आठने न भागता सातने भागायचं. उत्तर ४.५७ आणि वर्गमूळ २.१४. हाच तो 'एन वजा एक'. याला बेसेलची दुरुस्ती म्हणतात, आणि अशी भागाकाराची कल्पना गाउसच्या १८२० च्या दशकातल्या लेखनातही आहे.

गंमत बघा, गॉसेटने १९०८ च्या लेखात स्वतः एननेच भागलं होतं. आणि १९१२ मध्ये पिअरसनने त्याला पत्रात थट्टेने लिहिलं, की एनने भागा किंवा एन वजा एकने, काय फरक पडतो? इतके थोडे आकडे घेण्याचा वाह्यातपणा फक्त बिअरवालेच करतात! पुढे रोनाल्ड फिशरने 'स्वातंत्र्याच्या मात्रा' ही कल्पना नीट बांधली आणि लहान नमुन्यांसाठी एन वजा एक रूढ झालं.

पण वाद सॉफ्टवेअरमध्ये आजही जिवंत आहे. एक्सेलचं एसटीडीईव्ही, आर भाषेतलं एसडी, मॅटलॅबचं एसटीडी, मॅथेमॅटिकाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, पायथनची पांडाज लायब्ररी: न सांगता सगळी एन वजा एकने भागतात. नमपाय मात्र न सांगता एनने भागते. म्हणजे पायथनमधल्याच दोन लायब्ऱ्या, ज्यांतली एक दुसरीच्या पायावर उभी आहे, त्याच आकड्यांचं वेगळं उत्तर देतात. यात चूक कोणाचीच नाही. 'माझ्याकडे सगळे दिवस आहेत' की 'माझ्याकडे सगळ्या दिवसांचा एक नमुना आहे', हा प्रश्न माणसाने ठरवायचा असतो. बटण तो प्रश्न विचारत नाही, परस्पर उत्तर ठरवून टाकतं. जुन्या शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर निदान सिग्मा एन आणि सिग्मा एन वजा एक अशी दोन बटणं शेजारी असायची. त्यांनी निदान शंका तरी यायची.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. इथेच थांबलो असतो तर भाग दहा मिनिटांत संपला असता. पण शोधता-शोधता याहून वाईट गोष्ट हाती लागली. व्याख्या एकच, भागाकारही तोच, आणि तरी यंत्राचं उत्तर साफ चुकीचं.

शॉर्टकट

आपण बघितलेल्या कृतीत एक त्रास आहे. सगळे आकडे दोनदा बघावे लागतात. एकदा सरासरीसाठी, आणि सरासरी कळल्यावर पुन्हा फरकांसाठी. हाताने किंवा हँडल फिरवायच्या यंत्रावर काम करणाऱ्याला हे जिवावर येतं. पिअरसनच्या प्रयोगशाळेत ब्रुन्सव्हिगा नावाची अशी यंत्रं होती, हँडल फिरवलं की बेरीज, गुणाकार करणारी.

त्यावर शाळेतल्या बीजगणिताने एक पळवाट दिली. आकड्यांच्या वर्गांची बेरीज घ्या. आकड्यांच्या बेरजेचा वर्ग करून त्याला एनने भागा. पहिल्यातून दुसरं वजा करा. तेच उत्तर येतं. १, २, ३ घेऊन बघा. वर्ग १, ४, ९, बेरीज १४. आकड्यांची बेरीज ६, तिचा वर्ग ३६, भागिले ३ म्हणजे १२. चौदातून बारा गेले, उरले २. भागिले एन वजा एक, म्हणजे २. उत्तर १, वर्गमूळही १. एकदम बरोबर, आणि प्रत्येक आकडा एकदाच बघायचा.

या सूत्राची खरी चंगळ झाली खिशातल्या कॅल्क्युलेटरवर. १९७३ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-४५ आला. त्यावर आकडा टाकून एक बटण दाबत राहायचं, शेवटी सरासरी आणि प्रमाण विचलन तयार. एवढ्याशा यंत्रात सगळे आकडे साठवायला जागा कुठून असणार? ते फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवायचं: किती आकडे आले, त्यांची बेरीज, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज. आकडा आला, तिन्ही खाती वाढवली, आकडा विसरला. शॉर्टकट सूत्राला नेमकं एवढंच लागतं.

कागदावर हे सूत्र शंभर टक्के खरं आहे, पण यंत्र कागद नाही. यंत्राकडे अंक मोजके असतात.

आता आजच्या भागाचं नाव आठवा. १, २, ३ मध्ये प्रत्येकी एक कोटी मिळवा. एक कोटी एक, एक कोटी दोन, एक कोटी तीन. तिघांमधलं अंतर बदललं का? नाही. मग प्रमाण विचलनही तेच, १. कोणीही तोंडी सांगेल. आता शॉर्टकट लावा. वर्गांची बेरीज येते ३०,००,००,१२,००,००,०१४. बेरजेचा वर्ग भागिले तीन येतो ३०,००,००,१२,००,००,०१२. दोन्ही पंधरा अंकी, आणि फरक फक्त शेवटच्या अंकात, चौदा आणि बारा. दहा अंकी कॅल्क्युलेटर पंधरा अंक धरूच शकत नाही, तो पहिले दहा ठेवतो आणि बाकीचे सोडून देतो. दोन्ही संख्या त्याच्या लेखी सारख्याच होतात. वजाबाकी शून्य, प्रमाण विचलन शून्य. यंत्र ठामपणे सांगतं की हे तिन्ही आकडे एकच आहेत!

उसाने भरलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढवली. ड्रायव्हरच्या खिशातल्या मोबाइलचं वजन हवंय, म्हणून एकदा मोबाइलसकट काटा केला, एकदा मोबाइल खाली ठेवून केला, आणि वजाबाकी केली. काटा खराब नाही, वजाबाकीही बरोबर आहे. पण काट्याची पावलंच दहा-वीस किलोची. उत्तर शून्य येईल, वीस किलो येईल, किंवा नशीब फारच जोरावर असेल तर उणे येईल. अगदी तसंच इथेही उणे येऊ शकतं. वर्गांची बेरीज कधी उणे नसते, पण शॉर्टकटची वजाबाकी उणे येते आणि तिचं वर्गमूळ काढताना प्रोग्रॅम अडकतो. तसा अडकला तर नशीब म्हणायचं, निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं. खरा धोका असतो तो जरासंच चुकलेल्या, विश्वास बसेल अशा उत्तराचा.

आपल्याला हे शाळेतच शिकवलं होतं

इथे मला दहावीचं पुस्तक आठवलं. गृहीतमध्य पद्धत आठवते? आकडे मोठे असतील तर मधला एखादा सोयीचा आकडा 'सरासरी' म्हणून गृहीत धरायचा, सगळ्यांतून तो वजा करायचा, आणि उरलेल्या छोट्या फरकांवर गणित करायचं. मला ती पद्धत तेव्हा निव्वळ छळ वाटायची. कॅल्क्युलेटर असताना हे कशाला?

आता बघा. एक कोटी एक, दोन, तीन. गृहीतमध्य धरा एक कोटी. उरतात १, २, ३. पुढे शॉर्टकट लावा नाहीतर काहीही लावा, कॅल्क्युलेटर दहा अंकी असो की चार अंकी, उत्तर १ येणारच. म्हणजे ट्रॉली बाजूला काढून मोबाइल थेट किराणा दुकानाच्या तराजूवर ठेवल्यासारखं. हाताने गणित करणाऱ्यांनी श्रम वाचवायला शोधलेली ही युक्ती अचूकताही वाचवत होती. यंत्र आलं, श्रम संपले, आणि युक्तीबरोबर अचूकताही गेली. पुढे एचपीच्या काही कॅल्क्युलेटरच्या माहितीपुस्तिकांत सूचना असायची: आकडे मोठे आणि फरक लहान असतील, तर आधी सगळ्यांतून एक सोयीचा आकडा वजा करा. म्हणजे पुन्हा आपला गृहीतमध्यच!

ज्यांना माहीत होतं

कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १९६२ मध्ये 'टेक्नोमेट्रिक्स' या नियतकालिकात बी. पी. वेलफोर्ड यांचं एक छोटं टिपण आलं. आकडे एकदाच बघायचे, साठवायचे नाहीत, तरीही चुकायचं नाही, अशी त्यांची रीत. क्रिकेटवाल्यांना ती लगेच कळेल. फलंदाजाची नवी खेळी झाली की त्याच्या सगळ्या जुन्या खेळ्या पुन्हा चाळायची गरज नसते. जुनी सरासरी घ्यायची आणि नवा आकडा तिच्यापासून जितका दूर, त्याचा योग्य हिस्सा तिच्यात मिळवायचा. वेलफोर्ड सरासरीबरोबर पसाराही असाच चालता-चालता सुधारत नेतात. नव्या आकड्याचं जुन्या सरासरीपासूनचं अंतर गुणिले नव्या सरासरीपासूनचं अंतर, हे पसाऱ्याच्या खात्यात मिळवायचं. १, २, ३ वर करून बघा. पहिल्या आकड्याला खातं शून्य. दोन आल्यावर एक गुणिले अर्धा, म्हणजे अर्धा. तीन आल्यावर दीड गुणिले एक, म्हणजे दीड. एकूण २. प्रचंड वर्ग कुठे आलेच नाहीत, फरकांवरच काम झालं.

डोनाल्ड नुथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या प्रसिद्ध ग्रंथाच्या १९६९ च्या दुसऱ्या खंडात ही रीत आली. म्हणजे ती कुठल्या तळघरात पडून नव्हती. १९८३ मध्ये टोनी चॅन, जीन गोलब आणि रँडल लेव्हेक यांनी सगळ्या पद्धतींची तुलना करून कोणती कधी वापरावी याचा शिफारशींसकट लेख लिहिला.

काहींनी वेगळी वाट धरली: सॉफ्टवेअरचीच परीक्षा घ्यायची. १९८५ मध्ये लेलंड विल्किन्सन यांनी संख्याशास्त्राच्या पॅकेजेससाठी एक प्रश्नमंजूषा तयार केली. स्वतः सिस्टॅट हे पॅकेज लिहिणारा हा माणूस. तिच्यातल्या आकड्यांच्या संचाचं नावच 'नॅस्टी', म्हणजे खवचट. त्यातला एक स्तंभ ९,९९,९९,९९१ पासून ९,९९,९९,९९९ पर्यंतचे नऊ आकडे. त्यांचं प्रमाण विचलन १ ते ९ या आकड्यांइतकंच, २.७४ च्या आसपास. शाळकरी पोराला जमेल, पण पॅकेजला जमेलच असं नाही.

एक्सेलची गोष्ट

आता त्या सॉफ्टवेअरकडे येऊ, जे बहुतेकांच्या दृष्टीने 'आकडेमोड' या शब्दाचा अर्थच झालं. मायक्रोसॉफ्ट एक्सेल १९८५ मध्ये मॅकवर आलं, दोन वर्षांनी विंडोजवर. बँका, शाळा, प्रयोगशाळा, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे पोचलं. आणि त्याचं एसटीडीईव्ही फंक्शन शॉर्टकट सूत्र वापरायचं.

नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानकसंस्थेने आकड्यांचे काही संच तयार केले. प्रत्येकाचं अचूक उत्तर आधीच काढून ठेवलेलं. आपलं सॉफ्टवेअर त्यावर चालवा आणि स्वतःच तपासा. त्यातला एक संच आपलाच आहे : एक कोटी एक, एक कोटी तीन, एक कोटी दोन. उत्तर १. दुसऱ्यात मायकेल्सन यांनी १८७९ मध्ये मोजलेल्या प्रकाशवेगाचे १०० आकडे आहेत. सेकंदाला सुमारे २,९९,८५२ किलोमीटर ही सरासरी आणि पसारा फक्त ७९ किलोमीटर. म्हणजे मोठी सरासरी आणि छोटा पसारा हे कोणी मुद्दाम रचलेलं कोडं नाही, खऱ्या विज्ञानातले आकडे तसेच असतात.

सगळ्यात कठीण संचात एक कोटीच्या आसपासचे १००१ आकडे आहेत, ज्यांच्यात फरक फक्त दशांश चिन्हानंतर. अचूक उत्तर ०.१. एक्सेल दहा नाही, साधारण पंधरा-सोळा अंक धरतं. पण इथे वर्गांची बेरीज इतकी मोठी होते, की त्या पातळीवर संगणकाचं एक पाऊलच १६ चं असतं. आणि वजाबाकीतून आपल्याला हवं असतं १०! सोळा-सोळाच्या ढांगा टाकत दहावर कसं थांबणार?

१९९९ मध्ये ब्रूस मॅककुलॉ आणि बेरी विल्सन यांनी एक्सेल ९७ ची अशी तपासणी प्रसिद्ध केली. निष्कर्ष कडक होता: संख्याशास्त्रीय विश्लेषण करायचं असेल तर एक्सेल वापरू नका. अखेर एक्सेल २००३ मध्ये सूत्र बदललं. आधी सरासरी, मग फरक, अशी दोन फेऱ्यांची जुनी सरळ रीत आली. जुन्या आवृत्तीत काय चुकत होतं ते मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मदतपानावर उदाहरणासकट लिहिलं. वेलफोर्डचं टिपण १९६२ चं, दुरुस्ती २००३ ची. मधे एकेचाळीस वर्षं.

मला इथे एक्सेलला शिव्या घालायच्या नाहीत. बहुतेकांचे आकडे परीक्षेचे गुण, पगार, तापमान असे असतात. तिथे शॉर्टकटही बरोबर चालतो. म्हणून तर चूक इतकी वर्षं टिकली. आणि ती बाहेर आली कशी? ज्यांना उत्तर आधीच माहीत होतं, अशांनी मुद्दाम प्रश्न विचारला म्हणून.

आणि आज?

तुम्ही म्हणाल, आता सगळं सुधारलंय. प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये, हो. २०१४ मध्ये पायथनमध्ये संख्याशास्त्राचं स्वतःचं मोड्यूल आलं. त्याच्या प्रस्तावातच सांगितलं होतं, की लोक शॉर्टकट सूत्र स्वतः लिहितात आणि ते कसं फसतं ते बघा. त्या मोड्यूलमध्ये नमुन्यासाठी एक आणि संपूर्ण गटासाठी एक, अशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत. म्हणजे गॉसेट आणि पिअरसन दोघांचीही सोय.

पण सूत्र अजून पुस्तकांत आहे, आणि पुस्तकातून ते थेट कोडमध्ये उतरतं. तुमच्या हातातल्या फोनचंच घ्या. त्याचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं, आणि तो आकडा आता १७० कोटींच्या पुढे आहे. समजा तुम्ही ॲप लिहिलंत आणि मेसेज कोणत्या क्षणी आले त्यांचा पसारा शॉर्टकटने काढलात. १७० कोटींच्या वर्गाच्या पातळीवर संगणकाचं एक पाऊल ५१२ चं असतं. दोन-चार सेकंदांचे फरक त्यात कुठल्या कुठे गडप होतील. कुठलाही लाल इशारा येणार नाही, स्क्रीनवर एक आकडा येईल आणि तो दिसायला अगदी बरोबर असेल.

म्हणून मी आता दोन सवयी ठेवल्यात. नवं सॉफ्टवेअर, नवी लायब्ररी, स्वतः लिहिलेलं फंक्शन, काहीही असो, आधी १, २, ३ टाकायचे. उत्तर १ आलं तर ते एन वजा एकने भागतंय. ०.८२ आलं तर एनने. मग त्यात मोठी रक्कम मिळवायची, एक कोटी, शंभर कोटी, आणि उत्तर हलतं का बघायचं. हललं तर आत शॉर्टकट आहे. दोन मिनिटांचं काम आहे. विल्किन्सन आणि एनआयएसटीने हेच मोठ्या प्रमाणावर केलं.

आणि तो प्रोजेक्ट? गेल्या वर्षी गाइड मॅडम भेटल्या. मी त्यांना सगळं सांगितलं: दोन आकडे, खोडलेलं पान, राउंडिंगची थाप. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "राउंडिंग नाही हे मला माहीत होतं रे. तू बघशील म्हणून थांबले होते."

मी खोडला तो २.१४ होता, आणि ठेवला २. आठ दिवसांच्या नमुन्यासाठी ठेवायचा होता तो नेमका खोडलेला आकडा. पण मला जास्त वाईट वाटतं ते आकडा चुकल्याचं नाही. दोन यंत्रं एकमेकांशी भांडत होती, त्यांच्या भांडणात शंभर वर्षांचा इतिहास उघडा पडला होता, आणि मी खोडरबर घेऊन ते मिटवून टाकलं.

तर मंडळी, आज फोनवर किंवा लॅपटॉपवर एक कोटी एक, एक कोटी दोन, एक कोटी तीन टाकून बघा. काय आलं ते आणि कुठल्या ॲपवर आलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर बटणं दाबा, पण एकदा तरी त्यांना उलट प्रश्न विचारा. नमस्कार!